कोरड्या विहिरीतला असुर: डिजिटल पेंटिंगमध्ये शेडिंग कोणत्या क्रमानं करायचं

राक्षस काढायचा म्हटलं की बहुतेक जण आधी भडक लाल रंग भरतात. मग काळा एअरब्रश घेऊन चेहऱ्याच्या चारी कडा काळवंडतात आणि शेवटी डोळ्यांत पिवळा उजेड ओततात. एवढं करून चेहरा सपाट तो सपाटच. मग ब्रश बदलतात, ॲप बदलतात, महागडा टॅबलेट घ्यायचा का, असं विचारतात. दोष साधनाचा नसतो, क्रमाचा असतो. आधी आकार, मग प्रकाश, मग छटा (म्हणजे गडद-उजळाच्या पायऱ्या), मग रंग आणि सगळ्यात शेवटी चमक. हा क्रम मोडला की पुढची सगळी मेहनत वाया जाते.

शिकण्यासाठी असुर मुद्दाम घेतला आहे. माणसाचा चेहरा काढताना नाक अर्ध्या मिलिमीटरनं चुकलं तरी लगेच दिसतं, आणि सगळं लक्ष प्रमाणातच अडकतं. असुराचं प्रमाण तुम्हीच ठरवता. शिवाय त्याच्या एकाच डोक्यावर कोरडी कातडी, खडबडीत शिंग, ओला डोळा, गुळगुळीत सुळा आणि पातळ कान असे पाच वेगवेगळे पृष्ठभाग सरावाला मिळतात.

## तयारी

फोन, टॅबलेट किंवा पेन टॅबलेट जोडलेला जुना कॉम्प्युटर, काहीही चालेल. कॉम्प्युटरवर क्रिटा घ्या, ते मोफत आहे. फोनवर आयबिसपेंट पुरतं. हे चित्र संपेपर्यंत ॲप बदलू नका. कॅनव्हास कॉम्प्युटरवर २४८० × ३५०८ पिक्सेल ठेवा, म्हणजे ३०० डीपीआयला ए-फोर आकार मिळतो. फोनवर १५०० × २००० बस झाला. त्याहून मोठा घेतलात तर ॲप अडखळतं आणि लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले पारदर्शक थर, कमी मिळतात.

ब्रश तीनच लागतील: कडक गोल, खरबरीत कडेचा चपटा आणि मऊ एअरब्रश. यातल्या एअरब्रशला सातव्या टप्प्यापर्यंत हात लावायचा नाही.

स्क्रीनकडे कुणी लक्ष देत नाही, आणि निम्म्या चुका तिथूनच येतात. नाइट लाइट बंद करा, ऑटो ब्राइटनेस बंद करा आणि उजेड एका जागी पक्का ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ अंशांवर जातो. दुपारी फोन तापतो आणि स्वतःच स्क्रीन मंद करतो. मंद स्क्रीनवर तुम्ही नकळत छटा उजळ करत जाता, आणि संध्याकाळी तेच चित्र धुतल्यागत फिकं दिसतं. उन्हाळ्यात छटांचं काम सकाळीच उरका. तळहाताच्या घामानं पेन अडखळत असेल तर सुती हातमोज्याची अंगठा आणि दोन बोटं कापून तो घाला, करंगळीची बाजू झाकली की पुरे.

वीज कधी जाईल याचा नेम नसतो. क्रिटामध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि एस एकदम दाबलं की फाइलची पुढच्या क्रमांकाची नवी प्रत जतन होते. प्रत्येक टप्पा संपला की हे करा. मागच्या टप्प्यावर परत जायची वेळ आली तर हीच प्रत उपयोगी पडेल.

आता स्वयंपाकघरातून तीन वस्तू आणा: एक केळं, एक भरिताचं वांगं आणि एक मातीची पणती. खोलीत अंधार करा. एका फोनचा टॉर्च डावीकडून, वरून तिरका धरा. दुसऱ्या फोनचं एक्स्पोजर लॉक करून (म्हणजे फोन स्वतःहून उजेड कमी-जास्त करणार नाही) तिन्ही वस्तूंचे फोटो काढा. मग उजवीकडे एक कोरा पांढरा कागद उभा धरा आणि तेच फोटो पुन्हा काढा. दुसऱ्या खेपेला सावलीच्या आत एक हलका उजेड शिरलेला दिसेल. तो परावर्तित प्रकाश. हे फोटो चित्र संपेपर्यंत समोर हवेत.

शिंगांसाठी गोठ्यात जा. म्हशीचं शिंग बुडाशी नळीसारखं गोल नसतं. ते चपटं, तिकोनी असतं, अंगावर आडव्या वळ्या असतात आणि टोकाकडे गुळगुळीत होत जातं. केळ्यालाही अशाच लांब कडा असतात, म्हणून वळणाऱ्या शिंगावर छाया कशी फिरते ते केळ्यावर शिकता येतं. समोरून, बाजूनं आणि खालून असे तीन फोटो घ्या. शिंग कवटीला जिथं जुळतं तिथली कातडी आणि केस जवळून टिपा.

जमलं तर अजिंठा बघून या. जळगावहून साधारण ६० किलोमीटर, सोमवारी बंद. १ नंबरच्या लेण्यात बुद्धाचं ध्यान मोडायला आलेल्या माराचं सैन्य रंगवलेलं आहे, २६ नंबरच्या लेण्यात तोच प्रसंग दगडात कोरला आहे. रंगवलेला भाग बराच झिजला आहे, तरी भुवई आणि तोंड यांच्या जोरावर प्रत्येक चेहरा वेगळा कसा केला ते पाहा. आतल्या इतर चित्रांत गालांच्या कडेला गडद छटा आणि नाकावर उजळ रेघ दिसते, तीही बघा. फ्लॅश मारायचा नाही. वही न्या आणि तिथंच रेखाटा.

## टप्पा १: पात्राची चिठ्ठी

चार ओळी लिहा. कुठं राहतो, अंग कशाचं आहे, काय झालंय त्याला, आत्ता काय वाटतंय. या लेखातलं पात्र असं आहे: हा असुर गावाबाहेरच्या कोरड्या विहिरीत राहतो. कातडी वाळलेल्या गाळाची, भेगाळलेली. शिंगं म्हशीची, उजव्याचं टोक तुटलेलं. चिडलेला नाही, तहानलेला आहे, आणि वर बघतोय.

“भयानक, शक्तिशाली, आग ओकणारा” असं लिहून काही हाती लागत नाही, त्यातून एकही रेघ निघत नाही. “तहानलेला” म्हटलं की फाटलेले ओठ, वर वळलेली बुबुळं आणि ताणलेला गळा आपोआप सुचतात. विहिरीमुळे प्रकाशाचाही प्रश्न सुटतो. त्याकडे पुढे येऊ.

सावध: नंदुरबारकडे काठी गावच्या आदिवासी होळीत बावा आणि बुध्या बनणाऱ्यांचा साज पाहून अनेकांना तो असुरावर चढवावासा वाटतो. अंगावरचे ठिपके, मोरपिसांचे टोप, कमरेचे भोपळे हे सगळं व्रत पाळणाऱ्या माणसांचं आहे. ते राक्षसाच्या अंगावर घालू नका. शिंग, दगड, माती, झाडाची साल यांत हवं तेवढं नवेपण सापडतं.

## टप्पा २: छायाकृती

अंगठ्याएवढ्या चौकटी आखा आणि त्यांत फक्त काळ्या रंगानं डोकं-खांदे भरा. आत डोळे नाहीत, रेघा नाहीत. एका आकृतीत शिंगं रुंद, एकीत मागे वळलेली, एकीत मान लांब, एकीत डोकं खांद्यांत बुडालेलं. अर्धा डझन तरी करा. पहिल्या दोन आकृत्या बहुधा कुठंतरी पाहिलेल्या गेमच्याच निघतात.

तपासणी: चित्र लहान करून हातभर अंतरावरून बघा. तोंड कुठल्या बाजूला आहे आणि एक शिंग तुटलंय, हे नुसत्या काळ्या आकारावरून कळतंय का? नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: ठोकळ्यांवर रेखाटन

निवडलेली छायाकृती मोठी करा, अपारदर्शकता (ओपॅसिटी) कमी करून ती फिकी करा आणि वर नव्या लेयरवर ठोकळे मांडा. कवटी म्हणजे गोळा, जबडा म्हणजे पुढे निमुळती होत जाणारी पेटी, मान म्हणजे तिरकी नळी. डोळ्यांच्या जागी आधी दोन खोल खड्डे काढा. डोळे नंतर त्यांत बसतील.

शिंगासाठी आधी मधली वाकडी रेघ ओढा. तिच्यावर बुडापासून टोकापर्यंत लहान होत जाणारी, बांगडीसारखी कडी काढा आणि मग कडा जोडा. कडं कुठं उघडं दिसतं आणि कुठं चपटं दिसतं, त्यावरून शिंग तुमच्याकडे येतंय की मागे जातंय ते ठरतं. पुढे छाया याच कड्यांच्या अंगानं फिरवायची आहे, म्हणून हा लेयर पुसू नका, लपवून ठेवा.

इथल्या नेहमीच्या चुका तीन. शिंगं कपाळावर चिकटवल्यासारखी दिसतात, कारण बुडाशी कातडीची घडी काढलेली नसते. तिरक्या चेहऱ्यावर दोन्ही शिंगं एकाच कोनात येतात, वास्तविक पलीकडचं शिंग आखूड दिसायला हवं. आणि सुळे ओठांतून उगवतात, तेव्हा मूळ हिरडीत दाखवा आणि ओठ त्यावरून जाऊ द्या.

## टप्पा ४: लेयरची मांडणी

सगळ्यात खाली पार्श्वभूमी. तिच्यावर असुराचा पूर्ण आकार एकाच मध्यम राखाडी रंगात, कडेला भोक न ठेवता. त्यावर सावलीचा लेयर, मग प्रकाशाचा आणि सगळ्यात वर रेखाटन. सावली आणि प्रकाश खालच्या आकाराला क्लिप करा, म्हणजे रंग बाहेर सांडणार नाही. आयबिसपेंटमध्ये त्यासाठी लेयरला क्लिपिंग लावतात. क्रिटामध्ये लेयर एका ग्रुपमध्ये टाकून इन्हेरिट अल्फा चालू करतात.

लेयरला नावं द्या. “लेयर १७” वर नक्की काय होतं, हे दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

## टप्पा ५: प्रकाशाचा बाण

वेगळ्या लेयरवर एक जाड बाण काढा. आपल्या विहिरीत सकाळी दहाच्या सुमाराचं ऊन डाव्या काठावरून तिरकं आत येतं. ते असुराच्या डोक्यावर, डाव्या गालावर आणि उजवीकडच्या भिंतीवर पडतं. भिंत तपकिरी आहे, म्हणून तिच्यावरून परतणारा उजेड असुराच्या उजव्या, सावलीतल्या बाजूला हलका पोचतो. मुख्य प्रकाश एक, परतीचा एक. तिसरा घ्यायचा नाही.

ऊन थेट डोक्यावरून घेऊ नका. दोन्ही डोळे खड्ड्यांत बुडतील आणि तहान दिसणारच नाही.

## टप्पा ६: दोनच छटा

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्या. काळ्याला ० आणि पांढऱ्याला १० समजा. मूळ आकार ६ वर ठेवा. कडक ब्रश घ्या, ३ नंबरची राखाडी छटा घ्या आणि सावलीत जाणारा प्रत्येक भाग सपाट भरा. मऊ कडा अजिबात नको.

प्रत्येक पृष्ठभागाला एकच प्रश्न विचारा: याचं तोंड बाणाकडे आहे की नाही? कपाळाचा वरचा भाग आहे, म्हणून उजेड. भुवईखालचा भाग नाही, सावली. नाकाची डावी बाजू उजेडात, उजवी आणि खालची सावलीत. खालचा ओठ वर तोंड करून असतो म्हणून उजेडात, वरचा ओठ बहुतेक सावलीत. शिंगावर लपवलेली कडी पुन्हा दाखवा आणि प्रत्येक कड्यावर प्रकाश कुठं संपतो तिथं खूण करा. सगळ्या खुणा जोडल्या की सावलीची सीमा शिंगाभोवती वळत जाते. बहुतेकांची शिंगं इथंच सपाट पडतात, कारण ते शिंगाच्या एका कडेनं बुडापासून टोकापर्यंत सरळ पट्टा ओढतात.

आता पडलेल्या सावल्या. शिंगाची सावली कपाळावर पडते आणि कपाळाच्या गोलाईवरून वाकते. जबड्याची मानेवर, भुवईची डोळ्यावर, सुळ्याची खालच्या ओठावर. उन्हातली पडलेली सावली कडक कडेची असते. वस्तूच्या स्वतःच्या अंगावरची छाया आणि तिनं दुसऱ्यावर टाकलेली सावली यांतला फरक ज्यांनी एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या वस्तुचित्रात पेन्सिलनं केला आहे, त्यांनी तोच इथं करायचा आहे.

तपासणी: रेखाटनाचा लेयर बंद करा. फक्त दोन छटांवरून चेहरा ओळखू येतोय का? भाव कळतोय का? येत नसेल तर पुढचा एकही टप्पा त्याला वाचवू शकत नाही. सावलीचा आकार बदला. चित्र आडवं उलटवून बघा, क्रिटामध्ये त्यासाठी एम दाबतात.

सावध: चेहऱ्याच्या सगळ्या कडा गडद आणि मध्यभाग उजळ, असं होत असेल तर तुम्ही बाण विसरलात. यालाच पिलो शेडिंग म्हणतात. एक कड उजेडात, दुसरी सावलीत असायलाच हवी.

## टप्पा ७: मधल्या छटा आणि कडा

आता उजेडाच्या बाजूला ५ ते ९ आणि सावलीच्या बाजूला १ ते ४ एवढंच वापरायचं. दोन्हींची सरमिसळ होऊ द्यायची नाही. सावलीत शिरलेला परतीचा उजेड कितीही छान वाटला तरी तो ४ च्या पुढे न्यायचा नाही. ५ किंवा ६ झाला की गाल पोकळ दिसू लागतो. टॉर्चचे फोटो उघडा. पांढऱ्या कागदानं उजळलेली पणतीची बाजू डोळ्याला बरीच उजळ वाटते, पण आयड्रॉपरनं रंग उचललात तर ती टॉर्चच्या उजेडातल्या सगळ्यात गडद भागापेक्षाही गडद निघेल.

गोल भागावर प्रकाश संपतो तिथं, सीमेच्या लगेच आत, सावली सगळ्यात दाट असते. पलीकडे भिंतीचा उजेड तिला थोडं उजळवतो. हा दाट पट्टा २ नंबरनं द्या. १ नंबर फक्त जिथं उजेड शिरूच शकत नाही तिथं वापरा: नाकपुडी, ओठांची फट, शिंगाच्या बुडाची घडी.

आता एअरब्रश काढा, पण त्याला काम नेमून द्या. कवटी आणि गालासारख्या मोठ्या गोलाईवर छायेची कड मऊ. नाकाचं हाड, भेग, तुटलेलं शिंग यांची कड कडक. पडलेली सावली वस्तूजवळ कडक आणि लांब गेल्यावर जराशी मऊ. पार्श्वभूमीच्या काळोखात जाणारी उजवी कड काही ठिकाणी हरवू द्या. सगळ्याच कडा मऊ केल्या तर चित्र धुरकट होतं, सगळ्याच कडक ठेवल्या तर कागद कापून चिकटवल्यासारखं दिसतं.

भेगा इथं काढायच्या नाहीत. हात शिवशिवतो, पण थांबा.

## टप्पा ८: रंग

राखाडी चित्राच्या वर क्लिप केलेला नवा लेयर घ्या, त्याचा मोड (खालच्या लेयरशी मिसळायची पद्धत) “कलर” करा आणि भाग-भाग रंगवा. कातडी, शिंग, ओठ, डोळे. निकाल निस्तेज दिसेल आणि ते ठीक आहे. हा फक्त पाया आहे. त्यावर नॉर्मल मोडचा लेयर घ्या आणि खऱ्या रंगांनी पुन्हा रंगवा.

लाल कातडी हवी असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: शुद्ध लाल मुळात गडद छटेचा रंग आहे. त्यात पांढरा मिसळला की गुलाबी होतो आणि असुराची बाहुली होते. उजेडाकडे जाताना लाल नारिंगी करत न्या, सावलीकडे मातकट जांभळा करत न्या. नुसता काळा मिसळलेली किंवा मल्टिप्लाय (खालचा रंग गडद करणारा मोड) लेयरवर काळ्यानं टाकलेली सावली मळकट दिसते. मल्टिप्लायच वापरायचा असेल तर रंग तपकिरी-जांभळा घ्या.

सावलीचा रंग जागेवरून ठरतो. उघड्या शेतात सावली निळसर असते, कारण तिच्यावर सगळं आभाळ उजेड टाकत असतं. विहिरीत आभाळाचा फक्त एक गोल तुकडा दिसतो. म्हणून आपल्या असुराची सावली भिंतीमुळे उबदार तपकिरी येईल, आणि सावलीतले जे भाग वर तोंड करून आहेत त्यांच्यावरच निळ्याचा हलका हात. “सावली म्हणजे निळी” असं पाठ करून आलेल्यांचं चित्र इथं फसतं.

तपासणी: सगळ्यात वर काळ्या रंगानं भरलेला लेयर ठेवून त्याचा मोड “कलर” करा. चित्र राखाडी दिसेल. सातव्या टप्प्याच्या जतन केलेल्या प्रतीशी ताडून बघा. छटा सरकल्या असतील तर रंग तसाच ठेवून उजळपणा दुरुस्त करा.

## टप्पा ९: पोत आणि चमक

आता भेगा. प्रत्येक भेगेला दोन कडा असतात: बाणाकडची कड आतून सावलीत जाते, पलीकडची उजेड पकडते. नुसती काळी रेघ ओढली तर ती केसासारखी दिसते. भेगा सगळीकडे सारख्या पेरू नका. उजेड-सावलीच्या सीमेवर पोत सगळ्यात ठळक दिसतो, भर उन्हात कमी आणि गडद सावलीत जवळजवळ नाहीच.

चमक कुठं द्यायची ते वांग्यावर शिका. वांगं जागेवर ठेवून तुम्ही डोकं हलवा. छाया जागची हलत नाही, पण चमक सरकते. म्हणजे चमक प्रकाशाबरोबर बघणाऱ्याच्या जागेवरही अवलंबून आहे. पणतीवर अशी चमक जवळजवळ नसतेच. वाळलेल्या गाळाच्या कातडीला पणतीचा नियम लावा. वांग्याची कडक, लहान चमक फक्त डोळा, सुळा आणि शिंगाच्या गुळगुळीत टोकाला. ९ च्या वरची छटा एवढ्याच ठिकाणी दिसली पाहिजे. तहानलेल्याचे ओठ कोरडे आहेत, त्यांना चमक देऊ नका.

कान पातळ आहे. डावा कान उन्हात आला तर उजेड त्यातून आरपार जातो आणि कडेला लालसर दिसतो. गडद नारिंगीचा एक पातळ हात पुरे.

डोळे पेटते हवे असतील तर आधी खड्डे गडद करा. उजेड भोवतालच्या अंधारामुळे दिसतो. खालचा रंग उजळवणाऱ्या ॲड मोडच्या लेयरवर गडद नारिंगी घ्या, आधी पापणीच्या आतल्या कडा आणि नाकाची बाजू हलकी रंगवा, मग बुबुळ. मध्यभागी पांढरा ठिपका मोठा झाला की रंग मरतो. आपल्या पात्राला मात्र मी पेटते डोळे देणार नाही. वर बघणाऱ्या ओल्या बुबुळात विहिरीच्या तोंडाचं लहान गोल प्रतिबिंब दिलं की त्याची तहान जास्त पोचते.

## टप्पा १०: शेवटची नजर आणि जतन

रात्र जाऊ द्या. सकाळी चित्र उलटवून बघा, लहान करून बघा, दुसऱ्या फोनवर बघा. रेखाटनाच्या काळ्या रेघा अजून दिसत असतील तर त्या लेयरला अल्फा लॉक लावून (म्हणजे रंग फक्त आधीच्या रेघांवरच बसेल) रेघांना शेजारच्या रंगाची गडद छटा द्या.

मूळ फाइल लेयरसकट ठेवा आणि बाहेर द्यायला पीएनजी काढा, कलर प्रोफाइल एसआरजीबी. छापायचं असेल तर स्क्रीनवरचा भडक लाल-नारिंगी शाईत तसा उतरत नाही. आधी छोट्या आकारात एक नमुना छापून घ्या, तो उन्हात नेऊन बघा, सावल्या बुजल्या असतील तर २ आणि ३ नंबरच्या छटा थोड्या वर उचला आणि मगच मोठा छापा.

पुढचा सराव याच फाइलवर करा. एक प्रत घ्या, रेखाटन आणि मूळ राखाडी आकार ठेवा, बाकी लेयर बंद करा. विहिरीच्या तळाशी कुणीतरी कंदील ठेवला आहे असं समजून बाण खालून वर वळवा आणि सहाव्या टप्प्यापासून पुन्हा सुरुवात करा. भुवईखालचा भाग उजेडात येईल, कपाळ सावलीत जाईल, वरचा ओठ उजळेल आणि शिंगांच्या सावल्या वरच्या भिंतीवर चढतील. जुना सावलीचा लेयर मधूनमधून चालू-बंद करा. ज्या भागाची सावली दोन्ही वेळा एकसारखीच आली असेल, तिथं तुम्ही बाण न बघता सवयीनं रंगवलं आहे. तेवढा भाग पुसा आणि पुन्हा करा.